केशरी छपराची गोष्ट



मागच्या आठवड्यात थोरल्या वहिनींचा निरोप आला. "भावजी, संध्याकाळी जेवायलाच या. पुतण्यानं घर डोक्यावर घेतलंय." गेलो. ओसरीवर पोरगा कागद पसरून बसलेला. थोरले बंधू अडकित्ता हातात धरून गप्प. फाट्याला लागून आमचा वीस गुंठ्यांचा तुकडा आहे. तो गहाण टाकून कर्ज काढायचं, शहरातल्या एका गाजलेल्या हॉटेल कंपनीचं नाव विकत घ्यायचं आणि रस्त्याच्या कडेला झोकदार हॉटेल बांधायचं, असा त्याचा बेत.

"काका, जागा आपली, पाटी त्यांची. माल ते पुरवणार, रीत ते शिकवणार. आपण नुसतं गल्ल्यावर बसायचं," पोरगा म्हणाला.

वहिनी आतून भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आणि रस्ताच हलला तर?"

कुणी काही बोललं नाही. कारण गेल्या उन्हाळ्यात कॅनॉलच्या पलीकडं माणसं मोजणी करून गेली, खुणेचे दगड रोवून गेली. बाह्यवळण रस्ता होणार, अशी बोलवा आहे. वहिनींचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण त्यांनी नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं.

त्यांच्या त्या एका वाक्यावरून मला एक गोष्ट आठवली आणि जेवणं झाल्यावर मी ती पुतण्याला सांगितली. गोष्ट साता समुद्रापलीकडची, अमेरिकेतली आहे. पण धंदा म्हटला की माणसाचा स्वभाव सगळीकडं सारखाच. म्हणून आज ती तुम्हालाही सांगतो.

औषधाच्या दुकानातलं आईस्क्रीम

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मॅसॅच्युसेट्स नावाचं राज्य आहे. बॉस्टन हे त्यातलं मोठं शहर. त्याच्या दक्षिणेला क्विन्सी हे गाव. तिथं हॉवर्ड डिअरिंग जॉन्सन नावाचा गृहस्थ होता. बापाचा सिगारचा धंदा. बाप गेला आणि पोराच्या वाट्याला धंद्यापेक्षा देणंच जास्त आलं. त्यानं काही वर्षं तो गाडा ओढला आणि शेवटी मोडीत काढला.

१९२५ साली उसनवारी करून त्यानं क्विन्सीच्या वोलास्टन भागात एक छोटं औषधाचं दुकान घेतलं. त्या काळी तिकडं औषधाच्या दुकानात वर्तमानपत्रं, सिगार, सोडा-सरबत, आईस्क्रीम असं सगळंच मिळायचं. जॉन्सनच्या ध्यानात आलं की औषधाच्या बाटल्यांवर धूळ बसते, पण सोडा-आईस्क्रीमच्या कट्ट्यावर मात्र गिऱ्हाईक हटत नाही. मग त्यानं सगळं ध्यान त्या कट्ट्यावर घातलं.

आता त्यानं काय केलं ते दूधवाल्या घरांनी नीट ऐकावं. डेअरीवर दुधाला फॅट लागते म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. बाजारातलं आईस्क्रीम तेव्हा पातळ, स्वस्तातलं असायचं. जॉन्सननं आपल्या आईस्क्रीमात लोण्याचा अंश जवळजवळ दुप्पट केला असं सांगतात. खर्च वाढला, पण एकदा खाल्लेलं गिऱ्हाईक दुसरीकडं जाईना. मग त्यानं समुद्रकाठी टपऱ्या टाकल्या. एकाच्या चार, चाराच्या आठ अशा चवी वाढवत नेल्या आणि पुढं 'अठ्ठावीस चवींचं आईस्क्रीम' ही त्याची खूणच झाली.

१९२९ साली त्यानं क्विन्सीत पहिलं रीतसर हॉटेल काढलं. त्याला नशिबानं हात दिला तो नाटकामुळं. यूजीन ओनील या मोठ्या नाटककाराच्या 'स्ट्रेंज इंटरल्यूड' या नाटकावर बॉस्टनच्या महापौरानं बंदी घातली. नाटकवाल्यांनी मुक्काम हलवला आणि शेजारच्या क्विन्सीत प्रयोग लावले. नाटक चांगलं पाच तासांचं, मध्ये जेवायची सुट्टी. त्या सुट्टीत बॉस्टनची बडी मंडळी जवळच्या जॉन्सनच्या हॉटेलात शिरू लागली आणि त्याचं नाव गावाबाहेर गेलं. बंदी नाटकावर आली आणि भलं खानावळीचं झालं!

नाव एकाचं, भांडवल दुसऱ्याचं

पण त्याच १९२९ साली अमेरिकेत शेअरबाजार कोसळला. बँका बुडाल्या, हातात पैसा राहिला नाही. जॉन्सनला आणखी हॉटेलं काढायची होती आणि कर्ज कुणी देईना. तेव्हा त्यानं वेगळी वाट काढली. १९३५ साली केप कॉडच्या किनाऱ्यावर ऑर्लिन्स गावी एका ओळखीच्या माणसाला त्यानं सांगितलं: जागा तुझी, इमारत तुझी, भांडवल तुझं. पाटीवर नाव माझं. पदार्थ मी सांगेन ते, माल माझ्याकडून घ्यायचा, आणि रीत माझी पाळायची.

आज ज्याला फ्रँचायझी म्हणतात तो हाच व्यवहार. अमेरिकेत हॉटेलधंद्यात ही पद्धत रुजवणाऱ्या पहिल्या काही लोकांत जॉन्सन होता. आमच्या पुतण्याच्या कागदांवरही हेच सगळं होतं, फक्त भाषा जास्त गुळगुळीत.

जॉन्सनची पद्धत कडक. प्रत्येक हॉटेलाला त्यानं जाडजूड नियमावली दिली. लोक तिला 'बायबल' म्हणत. काय रांधायचं, किती वाढायचं, कसं वाढायचं, स्वच्छता कशी ठेवायची, सगळं त्यात लिहिलेलं. शिवाय म्हातारा न सांगता कुठल्याही हॉटेलात जाऊन उभा राही आणि कोपऱ्यातला कचरा शोधून काढी.

दुसरी युक्ती छपराची. मोटारीत बसलेल्या माणसाला पाटी वाचायला सवड नसते. म्हणून त्यानं सगळ्या हॉटेलांची छपरं भडक केशरी रंगाची केली, वर छोटा मनोरा आणि वारा दाखवणारं यंत्र. मैलावरून छप्पर दिसलं की मागं बसलेली पोरं ओरडायची आणि बापाला गाडी थांबवावीच लागायची.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. त्या काळी परमुलखात रस्त्यावर खायचं म्हणजे नशिबाचा खेळ. कुठं शिळं, कुठं घाण, कुठं भाव अव्वाच्या सव्वा. जॉन्सननं मध्यवर्ती मुदपाकखाने काढले. तिथं पदार्थ तयार करायचे, गोठवायचे आणि ट्रकनं हॉटेलोहॉटेली पाठवायचे. त्यामुळं आईस्क्रीम, लोण्यावर भाजलेले सॉसेज, तळलेल्या शिंपल्यांच्या पट्ट्या (आपल्या कोकणातल्या तिसऱ्यांच्या भावकीतल्या म्हणा ना), कुठंही खा, चव एक. बायकापोरं घेऊन निघालेल्या माणसाला भरवसा वाटू लागला. खरं म्हणजे जॉन्सन हा भरवसाच विकत होता, आईस्क्रीम त्याच्याबरोबर जायचं.

१९३९ पर्यंत अशी १०७ हॉटेलं झाली.

रस्त्यानं दिलं

१ ऑक्टोबर १९४० रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यात लांब पल्ल्याचा, टोलचा मोठा रस्ता खुला झाला. सिग्नल नाही, आडवे फाटे नाहीत. वाटेतल्या थांब्यांवर खाण्यापिण्याचं काम मिळालं जॉन्सनच्या हॉटेलांना. पुढं आणखी काही राज्यांच्या टोल रस्त्यांवरही त्याला असाच ठेका मिळाला. हा ठेका म्हणजे दुभती म्हैस. एकदा गाडी त्या रस्त्यावर चढली की दुसरं हॉटेलच नाही. भूक लागली की केशरी छप्पर!

पण रस्त्यावर जगणाऱ्याचं मरणही रस्त्यावरच असतं. अमेरिका महायुद्धात उतरली. पेट्रोलचं रेशनिंग आलं, टायर मिळेनात, लोकांचं हिंडणं-फिरणं बंद. हॉटेलामागून हॉटेल बंद पडलं आणि १९४४ पर्यंत सगळ्या साखळीत अवघी १२ हॉटेलं चालू राहिली. बारा! दुसरा असता तर संपला असता. जॉन्सननं मुदपाकखाने चालू ठेवले आणि युद्धसामानाच्या कारखान्यांतल्या कामगारांना, सैन्यात भरती झालेल्या पोरांना जेवण पुरवायचे ठेके घेतले. नफा बेताचा, पण चूल विझली नाही. दुष्काळात बी-बियाणं जपून ठेवणारा शेतकरीच पुढच्या मृगाला पेरू शकतो, तसं झालं.

युद्ध संपलं आणि अमेरिकेनं मोटारी काढल्या. १९५४ पर्यंत ३२ राज्यांत ४०० हॉटेलं. त्याच वर्षी जॉर्जिया राज्यात सव्हाना इथं त्यानं पहिलं मोटर लॉज काढलं, म्हणजे गाडी दाराशी लावून रात्री मुक्काम करायची सोय. जेवण आपल्याकडं, झोप आपल्याकडं, सकाळची न्याहारीही आपल्याकडं!

एका पेल्याचा अपमान

इथं एक काळी गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९५७ चा ऑक्टोबर. आफ्रिकेतला घाना देश त्याच वर्षी स्वतंत्र झालेला. त्याचे अर्थमंत्री कोमला गबेडेमा अमेरिकेत आले होते. डेलावेअर राज्यातल्या डोव्हर गावी ते जॉन्सनच्या हॉटेलात शिरले आणि संत्र्याचा रस मागितला. रस दिला, पण सांगितलं, बाहेर नेऊन प्या. काळ्या लोकांना इथं बसून पिता येणार नाही. गबेडेमांनी आपण कोण ते सांगितलं, तरी उत्तर तेच.

बातमी देशभर पसरली. शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी गबेडेमांना व्हाईट हाऊसमध्ये न्याहारीला बोलावून अब्रू सावरली. तरी पुढं १९६२ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहम शहरात याच नावाच्या हॉटेलापुढं काळ्या-गोऱ्या तरुणांनी मोठी निदर्शनं केली.

आपल्याकडं चहाच्या दुकानात वेगळी कपबशी ठेवल्याच्या आठवणी असलेली माणसं अजून गावोगाव आहेत. तेव्हा दुसऱ्याला हसायचा हक्क आपल्याला नाही. पण ध्यानात ठेवावं: पाटी जेवढी मोठी, तेवढा एका टेबलावर केलेला अपमान दूर जातो. आणि ज्याला पाणी पाजताना आपण माणूस पाहत नाही, त्याला अन्न वाढण्याचा धंदा करू नये.

पोरगा गादीवर बसतो

१९५९ साली कारभार पोराच्या हाती गेला. त्याचं नाव हॉवर्ड ब्रेनन जॉन्सन. वय अवघं सव्वीस-सत्तावीस, शिकलेला, हिशेबात पक्का. १९६१ साली कंपनीचे शेअर बाजारात आले. तेव्हा ६०५ हॉटेलं आणि ८८ मुक्कामाची लॉजं होती.

एक काम त्या काळात फार चांगलं झालं. १९६० च्या सुमारास प्येर फ्राने आणि झाक पेपाँ हे दोन नामांकित फ्रेंच आचारी जॉन्सनच्या मुदपाकखान्यात आले. फ्राने न्यूयॉर्कच्या सगळ्यात गाजलेल्या फ्रेंच हॉटेलातला मुख्य आचारी. पेपाँनं फ्रान्सचे नेते द गॉल यांच्यासाठी स्वयंपाक केलेला, आणि अमेरिकेच्या व्हाईट हाऊसमधली चाकरी नाकारून तो इथं आला. का? तर हजारो साध्या माणसांसाठी रांधायचं कसं, ते शिकायला. त्यांनी सुकवलेल्या कांद्याच्या जागी ताजा कांदा आणला, मार्गारीनच्या जागी लोणी आणलं. आधी लहान पातेल्यात पदार्थ जमवायचा, मग तो मोठमोठ्या कढयांत करून पाहायचा. गाडीवाल्या साध्या माणसाच्या ताटात लोणी पडलं पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष.

१९६५ साली या एका साखळीची विक्री मॅकडोनाल्ड्स, बर्गर किंग आणि केंटकी फ्राईड चिकन या तिघांच्या एकत्रित विक्रीपेक्षा जास्त होती. सत्तरीच्या दशकात हॉटेलांचा आकडा हजारावर गेला आणि लॉजं पाचशेच्या पुढं. कुणालाही वाटावं, आता याला मरण नाही.

पाणी कुठं मुरलं

पण ओढ्याला पूर असताना बांधाला कुठं भोक पडलं ते दिसत नाही. पूर ओसरला की दिसतं.

पहिलं भोक रस्त्याचं. १९५६ साली अमेरिकेनं देशभर नवे महामार्ग बांधायचा कायदा केला. त्यात एक कलम होतं: या नव्या महामार्गांच्या हद्दीत हॉटेल, पेट्रोल पंप असा व्यापार चालणार नाही. जुन्या टोल रस्त्यांवरचे ठेके राहिले, पण नव्या महामार्गावर खाणं हवं असेल तर फाट्यावर खाली उतरायचं. आणि फाट्यावर कुणीही दुकान टाकू शकत होता. एकहाती ठेका गेला. फाट्यावर उतरलेल्या माणसापुढं एकाऐवजी चार पाट्या आल्या. आणि जुन्या रस्त्यांवरची कितीतरी हॉटेलं तर बाजूलाच पडली. छप्पर तेच केशरी, पण ते बघायला गाडीच येईना. आमच्या वहिनींचा प्रश्न तो हाच.

दुसरं भोक वेळेचं. मॅकडोनाल्ड्सवाल्यांनी मोजके पदार्थ ठेवले, चटकन हातात द्यायचे, वाढपी नाही, ताटं नाहीत. जॉन्सनकडं बसायचं, यादी वाचायची, वाढप्याची वाट बघायची. पदार्थ भरपूर, त्यामुळं माणसंही भरपूर लागायची. अठ्ठावीस चवी एके काळी भूषण होत्या, पुढं त्या ओझं झाल्या.

तिसरं भोक पेट्रोलचं. १९७३ साली अरब देशांनी तेल रोखलं. अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या, लोकांनी सहली आटोपत्या घेतल्या. जॉन्सनचं बहुतेक उत्पन्न मोटारीनं फिरणाऱ्या माणसावर. युद्धात बसला होता तोच फटका तीस वर्षांनी पुन्हा बसला. एकाच विहिरीवर सगळा मळा भिजवायचा म्हटलं की असं होतं.

चौथं भोक घरातलं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात मोठं. थोरला जॉन्सन १९७२ साली वारला. न सांगता येऊन उभा राहणारा म्हातारा गेला. फ्रेंच आचारीही एव्हाना निघून गेले होते. धाकट्यानं खर्चाला कात्री लावली. माणसं कमी केली, पदार्थांचा दर्जा उतरला, इमारतींची डागडुजी पुढं ढकलली. कागदावर नफा दिसत होता. पण ज्या लोण्याच्या अंशावर बापानं धंदा उभा केला, त्याच्यावरच पोराची कात्री चालली होती.

मंडळी, काटकसर वाईट नाही. आपण शेतकरी, आपल्याला काटकसर कुणी शिकवायला नको. पण खत वाचवायचं म्हणून वाचवलं तर पहिल्या वर्षी पैसा उरतो, दुसऱ्या वर्षी जमीन उतरते. गिऱ्हाईकाचंही तसंच. ते भांडत नाही, तक्रार करत नाही. पुढच्या वेळी ते थांबत नाही, एवढंच. हिशेबाच्या वहीत हे न थांबणं कुठं लिहिलं जात नाही.

तीनदा मालक बदलला

१९८० साली धाकट्या जॉन्सननं सगळा पसारा विकला. घेणारी इंपीरियल ग्रुप ही इंग्लंडची कंपनी, मूळ तंबाखू-सिगारेटवाली. किंमत सुमारे ६३ कोटी डॉलर. बापाचा सिगारचा धंदा मोडून उभी केलेली दौलत शेवटी तंबाखूवाल्याच्याच घरात गेली, ही दैवगती पाहा.

तंबाखूवाल्यांना खानावळ झेपली नाही. पाचच वर्षांत, १९८५ साली, त्यांनी ती मॅरियट या अमेरिकन कंपनीला सुमारे ३१ कोटींना विकली. म्हणजे निम्म्या किमतीला. मॅरियटला हवी होती ती मोक्याची जागा. त्यांनी कंपनीच्या मालकीची हॉटेलं ठेवली, आणि लॉजं व नावाचे हक्क प्राइम मोटर इन्स या तिसऱ्याच कंपनीला दिले. ठेवलेल्या हॉटेलांपैकी पुष्कळांवरची केशरी छपरं निघाली आणि दुसऱ्या पाट्या लागल्या.

आता यात त्या माणसांचा विचार करा, ज्यांनी स्वतःची जागा, स्वतःचं भांडवल घालून जॉन्सनचं नाव लावलं होतं. पाटीचा मालक पाच-सहा वर्षांत तीनदा बदलला. त्यांना कुणी विचारलं नाही. ज्यांच्या मुदपाकखान्यातून माल यायचा ती व्यवस्थाच मोडली. तेव्हा १९८६ साली या हॉटेलवाल्यांनी एकत्र येऊन स्वतःची कंपनी काढली आणि नाव व पदार्थ जगवायची धडपड केली. आपल्या सहकारी सोसायटीसारखाच प्रकार म्हणा. त्यांनी बरीच वर्षं तग धरला. पण गळती थांबली नाही. न्यूयॉर्कच्या भर चौकातलं, टाइम्स स्क्वेअरचं हॉटेल २००५ साली बंद झालं. लेक प्लॅसिडचं २०१५ साली, बँगोरचं २०१६ साली. शेवटी उरलेलं लेक जॉर्जचं हॉटेलही २०२२ साली बंद झालं. हॉवर्ड जॉन्सन हे नाव आता फक्त मुक्कामाच्या हॉटेलांवर उरलं आहे, तेही भलत्याच कंपनीच्या मालकीचं. केशरी छपराखाली आईस्क्रीम खायला आता जागा नाही.

पेकानवाल्या शेतकऱ्याची गोष्ट

पुतण्याचा चेहरा पडला. म्हणून त्याला तिकडचीच दुसरी एक गोष्ट सांगितली.

जॉर्जिया राज्यात ईस्टमन गावी स्टकी नावाचा शेतकरी होता. तिकडं पेकान नावाचं अक्रोडाच्या भावकीतलं फळ पिकतं. आजीकडून ३५ डॉलर उसने घेऊन त्यानं शेतोशेत हिंडून पेकानची खरेदी सुरू केली असं सांगतात. १९३७ साली त्यानं रस्त्याच्या कडेला टपरी टाकून पेकान विकायला सुरुवात केली. बायको इथेल घरी पेकान आणि साखरेची मिठाई करू लागली. नुसत्या फळापेक्षा मिठाई जास्त खपली. टपरीचं दुकान झालं आणि वाढता वाढता दुकानांचा आकडा साडेतीनशेच्या पुढं गेला.

१९६४ साली स्टकीनं धंदा एका मोठ्या दूध कंपनीत मिळवून टाकला. पुढं ती कंपनीही दुसऱ्याच्या घशात गेली. नव्या मालकांना मिठाईशी ना देणं ना घेणं. स्टकी १९७७ साली वारला आणि दुकानं धडाधड बंद पडली. मग १९८० च्या दशकात त्याच्या मुलानं नाव परत विकत घेतलं, आणि २०१९ साली नातीनं आपली पुंजी घालून ते हातात घेतलं. तिनं दुकानांच्या मागं न लागता मिठाईचा कारखाना घेतला, भागीदार जोडला तोही पेकानच्या धंद्यातला. म्हणजे गाडी आजीच्या मिठाईच्या कढईशी परत आली. रस्ता हलला, पाट्या गेल्या, पण पेकान झाडाला लागायचं थांबलं नव्हतं!

सही करायच्या आधी

गोष्ट संपली तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. पुतण्या म्हणाला, "म्हणजे काका, हॉटेल काढूच नको म्हणता?"

मी तसं म्हणत नाही. हॉवर्ड जॉन्सन पन्नास वर्षं चांगला चालला. पन्नास वर्षं म्हणजे दोन पिढ्यांची भाकरी. त्यात हसण्यासारखं काही नाही. पण जमीन गहाण टाकायची असेल तर आधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. मी त्याला सांगितल्या, त्याच इथं लिहितो.

पहिली: रस्त्याचा नकाशा बघ. गावातली बोलवा ऐकून धंदा करू नये आणि सोडूही नये. तहसील आणि बांधकाम खात्यात जाऊन बाह्यवळण कुठून जातंय, फाटा कुठं ठेवलाय, ते स्वतः पाहा. कर्जाची मुदत दहा वर्षांची असेल तर रस्ताही दहा वर्षं तिथंच राहणार का, ते कळलं पाहिजे.

दुसरी: करारात लिहिलेलं बघ. कंपनी विकली गेली तर आपलं काय? माल त्यांच्याकडूनच घ्यायचा असेल तर भाव कोण ठरवणार? करार मोडायचा झाला तर अनामत परत मिळणार का? इंग्रजी कागदावर सही करण्याआधी तो वकिलाकडून मराठीत समजून घे. पाटी त्यांची आणि जमीन आपली असेल तर तोटा कुणाचा, हे कागदावर दिसलं पाहिजे.

तिसरी: आपलं स्वतःचं काय आहे ते बघ. जॉन्सनकडं लोणी होतं, स्टकीकडं पेकान होतं. आपल्या गोठ्यात म्हशी आहेत, परसात भाजी आहे, घरात तुझ्या आईच्या हातची चव आहे. पाटी उद्या उतरली तरी जे उरेल ते आपलं. काहीच उरणार नसेल तर आपण हॉटेलवाले नाही, नुसते पहारेकरी.

चौथी: एका विहिरीवर मळा भिजवू नको. रस्त्याच्या गिऱ्हाइकाबरोबर गावचंही गिऱ्हाईक असावं. गाडीवाला आज येतो, उद्या नाही. गावचा माणूस रोज येतो.

आणि पाचवी, ही म्हाताऱ्या जॉन्सनची: न सांगता अचानक जाऊन आपल्याच दुकानात गिऱ्हाईक म्हणून बस. जे ताट आपल्या पोरापुढं ठेवणार नाही ते दुसऱ्याच्या पोरापुढं ठेवू नये.

थोरले बंधू इतका वेळ सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "वीस गुंठे गहाण टाकायचे म्हणजे माझ्या आईचं नाव गहाण टाकायचं. तिनं तो तुकडा पाटल्या मोडून घेतलाय." एवढंच बोलले आणि झोपायला गेले.

परवा पुतण्या तहसीलला जाऊन आला. नकाशा बघून आला. बाह्यवळण कॅनॉलच्या पलीकडूनच जाणार आहे, आमच्या फाट्यापासून दोन किलोमीटरवर. कागद त्यानं तूर्त कपाटात ठेवलेत. सध्या फाट्यावर पत्र्याचं शेड टाकून चहा, ताक आणि आईच्या हातची थालीपीठं एवढंच विकतो. भांडवल दोन म्हशींच्या दुधाचं. मोडलं तर पत्रे काढून नव्या रस्त्याला लावता येतील, असं तो म्हणतो.

वहिनी मात्र कुरकुरतात. "भावजी, तुमच्या गोष्टीपायी सकाळी चारला उठावं लागतंय मला!" मी म्हटलं, "वहिनी, लोणी कमी घालू नका म्हणजे झालं." त्या हसल्या आणि माझ्यापुढं थालीपीठ ठेवलं. वर लोण्याचा गोळा चांगला लिंबाएवढा होता.

तुमच्याकडंही असा एखादा फाटा असेल, असा एखादा पोरगा असेल. त्याला हे वाचून दाखवा.

बराय मंडळी, राम राम!